घरातील गाणे कानास का बोचते?

घरात नवा स्पीकर येतो तो दिवस लहानशा सणासारखा असतो. आखातातून रजेवर आलेला मुलगा किंवा मुंबईस नोकरीला असलेला पुतण्या पेटी घेऊन येतो; तारा जोडल्या जातात, मुले भोवती कोंडाळे करतात आणि पहिले दोन दिवस घर गाण्याने दुमदुमून जाते. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतो, "बाबा रे, जरा हळू लाव." हळू लावले जाते. तरीही अर्ध्या तासाने आजोबा काठी उचलून ओसरीवर जाऊन बसतात, आणि विचारले तर म्हणतात, "काही नाही रे, वारा खातो." महिना होतो न होतो तोच त्या पेटीवर विणकामाचा रुमाल आणि रुमालावर फुलदाणी येऊन बसते. भांडण कोठेच झालेले नसते. पण पैसा खर्च झालेला असतो, आणि चार माणसांनी मिळून गाणे ऐकण्याची संध्याकाळ घरातून नाहीशी झालेली असते.

अशा वेळी दोष सहसा म्हाताऱ्यांच्या स्वभावावर किंवा स्त्रियांच्या नाजूकपणावर ढकलला जातो. आमचे मत याहून निराळे आहे. ज्याचे कान किटले तो बहुतेक वेळा खरे बोलत असतो. आवाजाचा कर्कशपणा ही केवळ आवडीनिवडीची बाब नाही. तो मोजता येतो, त्याची जागा दाखवता येते, आणि पुष्कळदा एक पैसाही न खर्चता तो कमी करता येतो. मात्र त्यासाठी तो उपजतो कोठे हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण लोक त्याला नेमके चुकीच्या जागी शोधतात.

प्रथम कानाकडे वळू. ध्वनी म्हणजे हवेचे कंपन, आणि दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येस हर्ट्झ म्हणतात. निरोगी तरुण कानास २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर १०० हर्ट्झच्या जरा वर, स्त्रीचा २०० च्या आसपास, तर 'स' आणि 'श' या अक्षरांतील सळसळ ४००० व त्याहूनही वर असते. परंतु या साऱ्या पट्टीवर कान सारख्याच प्रेमाने लक्ष देत नाही. कानाचे भोक ही सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची, एका टोकास पडद्याने बंद असलेली नळी आहे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असता ती जशी आपल्या ठरावीक स्वरात घुमते, तशी ही नळीही ३००० हर्ट्झच्या आसपासच्या स्वराला घुमून साथ देते आणि तो स्वर आपोआप मोठा करते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली माणसांच्या कानांची ही उंचसखल जमीन मोजून काढली. २००० ते ५००० हर्ट्झ या पट्ट्यात कान सर्वांत तीक्ष्ण असतो. तेथे अगदी क्षीण स्वरही चटकन ऐकू येतो, उलट ५० हर्ट्झचा खर्जातला स्वर जेमतेम ऐकू येण्यासही त्याच्या हजारो पट ध्वनिशक्ती लागते.

आता एक गमतीचा प्रयोग सांगतो. फळ्यावर नख ओढले की अंगावर काटा येतो, दात आंबतात. हा आवाज फार उंच पट्टीचा असल्यामुळे असे होते, अशी सर्वांची समजूत. १९८६ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी बागेतील मातीची तीन दातांची कुदळ दगडी पाटीवर ओढून असाच आवाज मुद्रित केला, आणि मग त्यातील उंच स्वर एकेक करून काढून टाकले. अंगावर येणारा काटा कमी झाला नाही! त्रास देणारा भाग मधल्या स्वरांत होता. पुढील काळात झालेल्या संशोधनातही बोट २००० ते ५००० हर्ट्झच्या याच पट्ट्याकडे गेले. आपल्या विषयास ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. स्पीकर बोचू लागला की आपण लगेच 'ट्रेबल'ची कळ मागे फिरवतो. ती कळ बहुधा पट्टीच्या अगदी वरच्या टोकास, म्हणजे १०,००० हर्ट्झच्या भागास जास्त दाबते. त्यामुळे झांजेची झळाळी जाते, सतारीचा प्राण जातो, आणि बोच जागच्या जागी राहते.

जत्रेत किंवा लग्नमंडपात झाडाला टांगलेला पत्र्याचा कर्णा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचा आवाज शेताच्या पलीकडे, नदीच्या पैलतीरी जातो. पण त्याच्याखाली दहा मिनिटे बसवत नाही. यात कर्ण्याचा काही अपराध नाही. थोड्या विजेत फार दूरवर शब्द पोहोचविणे हे त्याचे काम, म्हणून खर्जातले आणि अगदी वरचे स्वर तो सोडून देतो व आपली सारी ताकद त्या मधल्या, कानाला तीक्ष्ण लागणाऱ्या पट्ट्यात ओततो. घरातला स्पीकर कर्कश वाटतो तेव्हा, थोडक्यात, त्याच्यात कोठेतरी एक लहानसा कर्णा दडून बसलेला असतो. आता तो कोठे कोठे दडतो हे पाहू.

आज घराघरांत जो स्पीकर आहे त्याचा मूळ नमुना अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली जगापुढे मांडला. त्यापूर्वी घरगुती रेडिओचा आवाजही कर्ण्यातूनच येई व तो नाकातून बोलल्यासारखा वाटे. राइस व केलॉग यांनी तारेचे एक लहान वेटोळे चुंबकाच्या फटीत बसविले आणि त्याला कागदाचा शंकू चिकटविला. वेटोळ्यातून गाण्याचा विद्युत्प्रवाह गेला की ते मागेपुढे हलते, शंकू हलतो, हवा हलते. कल्पना इतकी साधी की शंभर वर्षे लोटली तरी ती बदललेली नाही.

मात्र शंकू जोपर्यंत अखंड, एकजीव हलतो तोपर्यंतच सारे ठीक चालते. स्वर जसजसा चढतो तसतसा शंकूचा मधला भाग पुढे आणि कडेचा भाग मागे अशी त्याची ओढाताण सुरू होते, आणि शंकू स्वतःच्याच काही ठरावीक स्वरांत घुमू लागतो. पितळेच्या झाकणावर डाव आपटला तर डाव उचलल्यावरही झाकण झणझणत राहते. तसाच शंकूही, गाण्यातील स्वर थांबल्यानंतर क्षणाचा अल्पांश झणझणत राहतो. बीबीसीतील अभियंता शॉर्टर याने १९४६ साली ही मागे रेंगाळणारी झणझण मोजून आलेखावर दाखविली. ती इतकी अल्प असते की वेगळी अशी ऐकू येत नाही. पण प्रत्येक शब्दाला, प्रत्येक स्वराला ती चिकटून येते, आणि ती कानाच्या त्या तीक्ष्ण पट्ट्यात पडली म्हणजे मन नकळत तिला गाण्यापासून निराळे काढण्याच्या खटपटीत राहते. थकवा येतो तो या अखंड खटपटीचा, असे आम्हांस वाटते.

बीबीसीच्या अभियंत्यांचे आणखी एक कौतुक केले पाहिजे. कागदाच्या एका घाण्याचा शंकू दुसऱ्या घाण्याशी जुळत नाही म्हणून साठ-सत्तरच्या दशकांत त्यांनी बेक्स्ट्रीन नावाच्या प्लॅस्टिकचे शंकू वापरात आणले, आणि झणझण मारण्यासाठी त्यांवर चिकट लेप दिला. १९७० नंतरच्या दशकात बाहेरगावच्या कार्यक्रमांच्या मोटारीत ठेवण्यासाठी त्यांनी 'एलएस३/५ए' नावाचा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर घडविला. तो आजही जगभर जपून ठेवला जातो. त्याला खर्ज फारसा नाही, मोठा आवाजही झेपत नाही. मग त्याची एवढी कीर्ती का? बीबीसीतील ही मंडळी स्पीकर पारखताना वाद्यवृंदाच्या गडगडाटावर विसंबून राहत नसत. माणसाचे प्रत्यक्ष बोलणे आणि स्पीकरमधून येणारे त्याचेच बोलणे यांची ती तुलना करीत. माणसाच्या आवाजात खोटेपणा आला तर तो कोणालाही कळतो, त्याला संगीताचे शिक्षण लागत नाही.

लोखंडी, ॲल्युमिनियमचे किंवा टायटॅनियमचे भाग असलेला स्पीकर कर्कश आणि रेशमी भाग असलेला मऊ, असेही पुष्कळजण सांगतात. ही समजूत अर्धीमुर्धी खरी आहे. उंच स्वरांसाठी जी बोटभर रुंदीची घुमटी असते, तिला ट्वीटर म्हणतात. धातूची चांगली घुमटी साधारण २५,००० हर्ट्झच्या आसपास झणझणते, म्हणजे माणसाच्या कानाच्या बाहेर; तिचा दोष आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. खालच्या स्वरांसाठीचा मोठा शंकू, ज्याला वूफर म्हणतात, तो धातूचा असला तर मात्र त्याची झणझण ऐकू येणाऱ्या पट्टीत पडते आणि करणाऱ्याने ती दाबली नाही तर बोचते. तेव्हा जिन्नस कोणता यापेक्षा तो कोणत्या हाताने घडविला हे महत्त्वाचे.

याहून सूक्ष्म दोष वूफर आणि ट्वीटर यांच्या जोडावर असतो. आठ इंची वूफर खालचे स्वर खोलीत चोहोकडे पसरतो, कंदिलाच्या उजेडासारखे. परंतु स्वर चढला की त्याची लहर शंकूहून आखूड होते आणि आवाज विजेरीच्या झोतासारखा समोरच एकवटतो. ३००० हर्ट्झची लहर अवघी साडेचार इंचांची असते. याच सुमारास काम ट्वीटरकडे सोपविले जाते, आणि ट्वीटर लहान असल्यामुळे तो पुन्हा कंदील बनतो! समोर बसलेल्यास काहीच वावगे वाटत नाही. पण बाजूच्या भिंतींवर आधी थोडा, आणि जोडाच्या वर एकदम फार, असा आवाज आपटतो. आणि भिंतींवरून परतणाऱ्या आवाजात नेमका तो बोचरा पट्टा फुगून येतो. घरात आपण कधी समोरासमोर, हात जोडून गाणे ऐकतो काय? कोणी तांदूळ निवडीत असते, कोणी पाटावर बसून अभ्यास करीत असते. बाजूला बसलेल्यांना स्पीकरचा सरळ आवाज कमी आणि भिंतींचा जास्त मिळतो. स्पीकर आणणारा मुलगा समोर बसतो आणि बाकीचे बाजूला. एकाच घरात दोन मते पडतात ती अशी.

ही गोष्ट सर्वांत कसून तपासली ती कॅनडातील डॉ. फ्लॉइड टूल यांनी. ओटावा येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेत त्यांनी वर्षानुवर्षे लोकांना पडद्याआड ठेवलेले स्पीकर ऐकविले. पडदा असा की आवाज आरपार जाई, पण पेटी मोठी की लहान, महाग की स्वस्त, काही कळत नसे. १९८५ व १९८६ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचे कान निरोगी आहेत अशा लोकांची मते एकमेकांशी आश्चर्य वाटावे इतकी जुळत. आणि त्यांना आवडणारे स्पीकर तेच, जे समोरून सर्व स्वर सारख्या जोराने देत आणि बाजूंनाही त्याच तोलाने देत. रुची प्रत्येकाची निराळी, या आपल्या आवडत्या म्हणीस येथे फारसा आधार उरला नाही. पुढे टूल हारमन या कंपनीत गेले. तेथे १९९४ साली त्यांनी व शॉन ऑलिव्ह यांनी कंपनीच्याच ४० माणसांकडून काही स्पीकर एकदा पडद्याआड व एकदा उघड्यावर तपासून घेतले. डोळ्यांना पेट्या दिसताच गुण बदलले: मोठ्या, देखण्या पेट्यांचे वाढले, आणि पडद्याआड चांगले गुण मिळविलेल्या प्लॅस्टिकच्या लहान संचाचे घसरले. ज्या माणसांचा धंदाच स्पीकर करण्याचा, त्यांचेही डोळे त्यांच्या कानांना फसवितात, तर गिऱ्हाइकाची काय कथा!

दुकानात याचाच फायदा घेतला जातो. दोन स्पीकर पाठोपाठ पाच-पाच मिनिटे लावले तर किंचित मोठा वाजणारा आणि वरच्या स्वरांत किंचित चढवलेला स्पीकर हमखास 'स्वच्छ' व 'टवटवीत' वाटतो. तिखटाची पहिली चिमूट चवदार लागावी तसे ते आहे. घरी मात्र तो पाच मिनिटे नव्हे, पाच वर्षे ऐकायचा असतो.

कधी कधी स्पीकर निर्दोष असतो आणि दोष त्याला वीज पुरविणाऱ्या ॲम्प्लिफायरचा असतो. आवाज कानाला दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण दहापट शक्ती लागते. संथ गाण्यास एक वॉट पुरत असला तरी ढोलकीची थाप किंवा झांजेचा झणत्कार क्षणभर दहा वॉट, कधी त्याहूनही अधिक मागतो. लहान यंत्राजवळ तेवढे नसले की ते स्वराच्या लाटेचा माथा कापून सपाट करते. माथा कापलेल्या १००० हर्ट्झच्या स्वरातून ३००० आणि ५००० हर्ट्झचे नवेच स्वर जन्म घेतात. म्हणजे पुन्हा तोच पट्टा! म्हणून लहान यंत्राची कळ शेवटच्या टोकापर्यंत फिरविणे हा कर्कशपणाचा सर्वांत सोपा मार्ग होय.

येथे कोणी विचारील, की वरचे स्वर मिसळणे वाईट कसे? मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात, तेव्हा तेही तारेतून वरचे स्वरच बाहेर काढतात, आणि त्याने तर कान तृप्त होतात. प्रश्न योग्य आहे. तंबोऱ्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे त्याच्याच कुळातले असतात. परंतु गाण्यात एका वेळी अनेक स्वर असतात, आणि बिघडलेल्या यंत्रातून १००० व ११०० हर्ट्झचे दोन स्वर एकत्र गेले की ९००, १२००, २१०० असे भलतेच स्वर बाहेर येतात. ते ना पहिल्याचे सोयरे ना दुसऱ्याचे. लग्नाच्या पंगतीत बिनबोलावता येऊन बसलेल्या पाहुण्यांप्रमाणे ते सर्वांनाच अवघडून टाकतात.

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचा आवाज किती मऊ होता, असे वडीलधारी माणसे सांगतात तेव्हा ती खोटे सांगत नाहीत. त्याची लाकडी पेटी ऐसपैस असे, आणि मध्यम लहरींवरील कार्यक्रमात ५००० हर्ट्झच्या वरचे फारसे काही येतच नसे. त्या मऊपणातला बराचसा भाग गाळणीचा होता, हेही म्हटले पाहिजे. व्हायोलिनची झळाळी त्यात कधी ऐकू आली नाही. उलट साठच्या दशकातील पहिलेवहिले ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर हळू आवाजातही खरखरीत लागत, कारण लाट वरून खाली जाताना मध्यावर त्यांचा पाय अडखळे. आजच्या चांगल्या यंत्रांत हा दोष उरलेला नाही. आजचा दोषी बहुधा भिंतीवरचा पातळ टेलिव्हिजन असतो. त्याच्या चपट्या कुशीत बोटभर स्पीकर कोंबलेले असतात व त्यांची तोंडे खाली किंवा मागे असतात. शब्द कळेनात म्हणून आवाज वाढवावा, तर शब्दांऐवजी किरकीर वाढते.

आता ज्या खोलीत गाणे वाजते तिच्याविषयी. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग संग्रहालयाचे व्याख्यानगृह उघडले, आणि त्यात वक्त्याचा एक शब्दही कळेना. तोंडातून निघालेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकाकडे हे दुखणे सोपविले गेले. रात्री सारे निजले की तो जवळच्या नाट्यगृहातील बाकांवरच्या गाद्या उचलून व्याख्यानगृहात आणी, ऑर्गनच्या नळीतून स्वर काढी आणि तो विरण्यास किती वेळ लागतो हे मोजी. पहाट होण्यापूर्वी गाद्या परत जागच्या जागी. सर्व गाद्या पसरल्यावर घुमणे सव्वा सेकंदाच्याही आत आले. मऊ वस्तू आवाज पितात आणि कठीण वस्तू तो परत फेकतात, याचा हिशेब प्रथम मांडला तो याने.

आपल्या घरांना हा हिशेब लावून पाहा. गोव्यात किंवा बेळगावकडे जुने घर कौलारू असे. कौलांच्या फटींतून आवाज निसटून जाई, खोलीत गाद्यांच्या वळकट्या, धान्याची पोती, वाळत घातलेले कपडे असत. आता वर सिमेंटची स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल, चारी बाजूंस रंग दिलेले प्लास्टर, आणि समोर काचेचे कपाट. रंगविलेले प्लास्टर किंवा टाइल अंगावर पडलेल्या आवाजाचा विसावा भागही पीत नाही. तोच स्पीकर जुन्या घरात गोड आणि नव्या बंगल्यात कर्कश वाटला तर नवल कसले?

ज्यांच्या कानांवरून ही सारी चर्चा सुरू झाली त्या वडीलधाऱ्यांकडे येऊ. वय झाले की कानाचे वरचे स्वर प्रथम मावळतात. त्याबरोबर आणखी एक विचित्र गोष्ट घडते, जी घरच्यांना ठाऊक नसते. हळू आवाज ऐकू येईनासा होतो, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. म्हणजे 'ऐकू येत नाही' आणि 'सहन होत नाही' यांमधली जागाच अरुंद होऊन जाते. म्हणून आजी आधी म्हणते, "काही कळत नाही, मोठ्याने लाव," आणि कळ थोडी फिरविताच म्हणते, "अरे, ओरडतोस काय!" मुले हसतात. हा लहरीपणा नव्हे. कानाच्या आतील सूक्ष्म पेशी झिजल्याचे ते लक्षण आहे. अशा कानास बोचऱ्या पट्ट्यातली थोडी वाढही झोंबते. टूल यांना असेही आढळले होते की ज्यांचे ऐकणे मंदावले आहे त्यांचे गुण एका वेळेस एक तर दुसऱ्या वेळेस दुसरे असे पडतात. तेव्हा दोन स्पीकरांपैकी अधिक चांगला कोणता हे आजोबांना विचारण्यात अर्थ नाही. तुम्हांला त्याच्याजवळ किती वेळ बसवते, एवढेच विचारावे. त्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर घरातील इतर कोणाच्याही उत्तरापेक्षा मोलाचे आहे. लहान मुलांचेही भान ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली घालून दिलेली मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्यास ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि मुलांसाठी तेवढ्याच वेळास ७५.

काय करावे, ते आता सांगतो. आधी पैसा खर्चू नये; पेटी हलवावी. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. समोरून बोचत असेल तर पेटीचे तोंड थोडे बाजूस वळवावे. बाजूंना बसणाऱ्यांना बोचत असेल तर पेटी बाजूच्या उघड्या भिंतीपासून दोन हात तरी दूर घ्यावी. काचेच्या कपाटात किंवा कपाटावर स्पीकर कधीही ठेवू नये, काच आपला सूर मिसळते. लहान पेटीस खर्ज कमी असल्यामुळे वरचे स्वर उघडे पडत असतील, तर तिला मागच्या भिंतीजवळ सरकवावे; भिंतीच्या आधाराने खर्ज भरतो आणि तोल साधतो.

त्यानंतर खोली. खिडकीवरचा झिरझिरीत पडदा काही कामाचा नाही; तो फक्त अगदी वरचे स्वर पितो. तीन हजार हर्ट्झच्या लहरीस अडविण्यास इंचभर तरी जाडी हवी. जाड कापडाचा चुण्या घातलेला पडदा चालतो. आमच्या मते घरातली गोधडी त्याहून उत्तम. जुन्या लुगड्यांची चार-सहा पदरी गोधडी स्पीकरच्या बाजूच्या भिंतीवर, भिंतीपासून दोन बोटे पुढे टांगावी. आजीच्या हातचे टाके दिसतीलही आणि खोलीचा आवाजही निवेल. पुस्तकांची मांडणी असेल तर तीही उपयोगाची.

खरेदी करावयाचीच असेल तर दुकानात आपल्याबरोबर एखाद्या ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचे किंवा साध्या गायनाचे मुद्रण घेऊन जावे, आणि दोन्ही स्पीकर सारख्याच मोठ्या आवाजात लावण्याचा आग्रह धरावा. 'स', 'श', 'च' ही अक्षरे थुंकल्यासारखी उडतात काय ते पाहावे. मग उठून बाजूस चालत जावे. चालताना आवाजाचा रंग एकदम पालटला तर तो स्पीकर सोडून द्यावा. शक्य असल्यास आठ दिवस परतीच्या बोलीवर घरी आणावा. मोबाइलवरून पाठवलेले, पुनःपुन्हा दाबून लहान केलेले गाणे कसोटीस लावू नये. त्यातील झांज आधीच वाळूसारखी खरखरते आणि दोष बिचाऱ्या स्पीकरच्या माथी येतो.

राहिला जुना स्पीकर, जो एके काळी गोड होता आणि हल्ली खरखरू लागला आहे. तो फेकण्यापूर्वी पुढची जाळी काढून शंकूच्या कडेची गोल पट्टी बोटाने हलकेच चाचपून पाहावी. ती फोमची असेल तर दहा-वीस वर्षांत, आणि आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत त्याआधीही, तिचा भुगा होतो; शंकू वाकडा हलू लागतो आणि वेटोळे चुंबकाला घासते. रबराची किंवा नवी फोमची पट्टी बसवून देणारे कारागीर शहरांत अजून मिळतात, आणि नव्या पेटीच्या मानाने त्यांची मजुरी थोडी असते. पट्टी बदलताना वेटोळे मधोमध बसले आहे ना, एवढे मात्र त्याच्याकडून आपल्यासमोर वाजवून खात्री करून घ्यावे.